आज हिरवा

—मान हलवू नका हो हॉलिस, वस्तरा गळ्यावर आहे. कशाला आलात ते कळलंय मला. व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस, आणि बरोबर मंडळात केंद्राच्या पैशांवर मतदान आहे त्याच दिवशी बरी दाढी वाढली! असू द्या. जिल्हा मंडळात आम्ही तिघं—मिसेस ओडेल तुमच्या बाजूनं, हार्लन तेच पैसे तुरुंगाच्या छताला लावायच्या बाजूनं, आणि मधे मी, न्हावी. आता मला सांगा—नको, सांगू नका, हनुवटीवर आलोय—नशेच्या गोळ्यांसकट पकडलेली माणसं तुरुंगाऐवजी तुमच्याकडे उपचाराला पाठवायची, तर त्याचा खर्च जिल्ह्यानं का करायचा? हार्लन हेच विचारतो. छत गळतंय ते दिसतं, म्हणतो, सुधारलेला माणूस कुठं दिसतो? या खुर्चीत बसतो तो प्रत्येक जण हेच बोलतो, आणि मी हं हं करतो—धंदाच तसा. तुमच्यावर माझा राग नाही. कष्टाचं काम आहे. आज तर सकाळपासून रांग असेल, हिरवा म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा गट ना—

हललात! कापलं असतं ना आत्ता.

हिरवा कुणी सांगितला? असंच, ऐकलं कुठंतरी. सकाळी फोन लावायचा, यंत्र आजचा रंग सांगतं, आपला रंग असला की लघवी तपासायला हजर व्हायचं—गावाला माहीत आहे सगळं. बरोबर, आजचा रंग गावाला माहीत नसतो. फोन लावणाऱ्यालाच कळतो तो. आणि घरच्यांना, भिंत पातळ असली तर.

डेलिया प्रूट. माझी पोरगी. लग्न करून नदीपलीकडे केंटकीत गेलेली, आडनाव नवऱ्याचं, म्हणून कुणाला पत्ता नाही. नवरा सोडून गेला, आता माझ्या मागच्या खोलीत असते. तुम्ही हो-नाही काही बोलू नका, केंद्रात कोण येतं ते सांगायला तुम्हाला बंदी आहे—म्हणून तर बोलतोय. पूर्वी रंग ऐकला की घाबरायची हो. आज म्हणाली, बाबा, हिरवा—आणि हसली. केंद्र बंद झालं तर जज्जसाहेब तिला उरलेली शिक्षा भोगायला आत पाठवणार. हार्लनच्या त्याच गळक्या छताखाली.

मग काय करू मी? नको म्हणून मत दिलं तर ती आत. खरं सांगितलं तर जिल्ह्याचा वकील, घरचाच संबंध म्हणून, मला मतदानातून बाहेर बसवणार—एकाविरुद्ध एक, केंद्राचा ठराव पडला, आणि पोरीचं नाव पेपरात. गप्प राहून हो म्हटलं आणि उद्या फुटलं, तर मतही रद्द आणि पोरगीही चव्हाट्यावर. आहे एखादी वाट? आता हलवा की मान, वस्तरा काढलाय... नाही ना?

—ये रे हार्लन! बूट झटक बाहेर, बर्फ आत नको. हो, हा आलाय हात पसरायला, दुसरं काय. झालंच याचं, मानेवरचे केस तेवढे झटकतो—कान इकडे करा—संध्याकाळी सभेत मागच्या बाकावर बसा. मी हो म्हणून हात वर करेन तेव्हा माझ्याकडे बघू नका. बघितलंत तर लोक तुमच्या तोंडावरून ओळखतील.

नाही नाही, पैसे ठेवा इथं. फुकट दाढी केली तर लोक विचारतील का केली. दार ओढून घ्या.

बस, हार्लन. खुर्ची गरमच आहे.