तीन अक्षरांचं नाव

नाही, राहू द्या शुभाताई, चप्पल काढू नका. आज कुणी बसायला नको — हो, माहितीये मला, गुरुवार आहे, या महिन्यात तुमची पाळी आहे, तुमच्या महिला मंडळानं खाली फळ्यावर लिहिलंच आहे ना — सुगंधा सावंत, तिसरा मजला, वडील अंथरुणावर — येता-जाता अख्ख्या सोसायटीनं वाचलंय. चांगलंच आहे. दर गुरुवारी दोन तास कुणीतरी येऊन म्हाताऱ्यापाशी बसायचं, म्हणजे मुलीला जरा पाय मोकळे करता येतात. झकास आहे. पण मला नाही करायचेत पाय मोकळे. — रागावलेय? मी? छे हो, माझा आवाजच असा झालाय, आप्पांना एका कानानं कमी ऐकू येतं ना, त्यांच्याशी बोलून बोलून झालाय. बरं, दारात नको, समोरच्यांचं दार किलकिलं झालंच बघा — आत या. पण त्या खुर्चीवर बसू नका, ओली आहे. नाही, पाणी नाही सांडलेलं, मघाशी आप्पांना बसवलं होतं तिथे.

तुम्ही या बिल्डिंगमध्ये नवीन, म्हणून सांगते. आप्पा गिरणीत होते. संप लांबला, गिरणी काही उघडेना, आणि एक दिवस दाढी करता करता आरशासमोरच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हॉस्पिटलात किती दिवस नुसते माझ्याकडे बघत होते — आणि मग एकदा तोंड उघडलं तर शब्द कुठला? नंदू. माझा धाकटा भाऊ. मला वाटलं, वा, सुरुवात झाली, आता एकेक शब्द येईल. कसला येतोय! तेवढाच एक राहिला, बाकी सगळे गेले. तहान लागली की नंदू. भांडं हवं की नंदू. पाठ दुखली, माशी बसली, पेज खारट झाली — नंदू, नंदू, नंदू. डॉक्टर म्हणाले, त्यात अर्थ शोधू नका, हाताला आलेला शब्द आहे तो. शोधत नाही मी अर्थ. सहा वर्षं झाली, नंदू म्हटलं की मी उठते. शेवट जरा लांबवला तर पाणी, दोनदा घाईघाईनं म्हणाले तर भांडं — तेव्हा मात्र धावायचं, नाहीतर सगळ्या चादरींची वाट लागते.

आणि हा नंदू कुठे आहे? बोरिवलीला. जवळ नाही काय? पण दादरला गाडी बदलावी लागते म्हणे, पोरांच्या परीक्षा असतात म्हणे, तळमजल्यावरच्या काकूंकडे फोन करतो रविवारी — ‘ताई, आप्पा कसे आहेत?’ — मी इथून तीन मजले धावत उतरायचं, हे सांगायला की आहेत तसेच आहेत. गणपतीत आला होता. आप्पांनी त्याला बघितलं आणि लागले, नंदू, नंदू! हा ढसाढसा रडायला लागला हो. ‘बघ ताई, माझाच ध्यास घेतलाय त्यांनी.’ मी म्हटलं, ध्यास नाही रे बाबा, त्यांना लघवीला लागलीय, भांडं धर. तर डोळे पुसत गॅलरीत जाऊन उभा राहिला. हसू नका. तेव्हा मीही नाही हसले. त्याच दिवशी म्हटलं त्याला, महिनाभर ने आप्पांना, मला जरा उसंत मिळू दे, माझी कंबर गेलीय. तर म्हणतो कसा — जागा कुठे आहे ताई? आणि तुला काय, तुला कुठं जायचंय? — असं म्हणाला. माझ्या तोंडावर. माझ्या हातचे मोदक खाता खाता.

म्हणून तर तुमच्या मंडळाला हो म्हटलं मी. दाखवायचं होतं त्याला, कुठं जायचंय ते. पहिल्या गुरुवारी केस विंचरले, चांगली साडी नेसले, पिशवी घेतली, बाजारात जाऊन येते म्हटलं तुम्हाला. आणि मागच्या गुरुवारी पण बाजारात — काय? पिशवी रिकामी होती? बघितलंत तुम्ही? बघितलंत आणि बोलला नाहीत. बरं, नव्हते गेले. खाली फाटकापर्यंत गेले, डावीकडे स्टेशन, उजवीकडे बाग — आणि मला काही सुचेचना. मैत्रिणी लग्न होऊन कुठे कुठे गेल्या, नोकरी सोडली तेव्हा ऑफिसातली माणसंही सुटली. नंदूचंच खरं निघालं, मला कुठंच जायचं नव्हतं — ह्याचा संताप येतो मला, कळतंय का? तशीच वर आले. मग गच्चीच्या जिन्यात बसून राहिले, दोन्ही गुरुवारी. तिथून आप्पांची खिडकी समोर येते, सगळं ऐकू येतं.

हो, सगळं. तुम्ही खुर्ची ओढलीत, त्यांचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, ‘आप्पा, मी शुभा हं. शुभा. शेजारची.’ पुन्हा पुन्हा, हसत हसत, लहान मुलाला शिकवतात तसं. आणि मागच्या खेपेला ते म्हणाले — नाही, सांगू नका मला, मी होते ना जिन्यात! — शुभा म्हणाले. स्वच्छ. सहा वर्षांत दुसरा शब्द, आणि तो तुमचं नाव! तुम्हाला केवढा आनंद झाला, मी आत आले तर दारातच, ‘सुगंधाताई, आप्पा बोलले!’ — मी काय करायला हवं होतं, पेढे वाटायला हवे होते? त्यांचं गू-मूत मी काढायचं, त्यांच्या पाठीच्या जखमा मी पुसायच्या, आणि नाव एकदा त्याचं, एकदा तुमचं? कोण हो तुम्ही? दोन गुरुवारांची ओळख!

तुमची चूक नाहीये. बसा — नको, तिथे नको, इथे पेटीवर बसा. तुमची चूक नाहीये तेच तर वाईट आहे. रात्रंदिवस विचार करतेय, मी का नाही सांगितलं? आप्पा तोंड उघडा, आप्पा कूस बदलू या, आप्पा हात वर घ्या — एवढंच बोलते मी. मी कोण, ते कधी नाही म्हटलं. बापाला कुणी आपलं नाव सांगतं का? आणि धडधाकट होते तेव्हा तरी कुठे नावानं हाक मारायचे — ‘गो चेडवा, चाय ठेव.’ गावाकडचं बोलणं त्यांचं. चेडवा म्हणजे मुलीऽ. तेच लाडाचं, तेच रागाचं. नाव मात्र त्यांनीच ठेवलंय, आई सांगायची, आत्याचं ऐकलं नाही, सुगंधाच ठेवायचं म्हणून हटून बसले होते. आणि मग उभ्या आयुष्यात वापरलं नाही.

थांबा. गप्प बसा जरा.

ऐकलंत? तुम्हाला हाक मारताहेत. शुभाऽ. — नाही, उठू नका. शेवट लांबवला ना त्यांनी? पाणी हवंय. तुमचं नाव घेतलं म्हणून हुरळून जाऊ नका, तुम्हीही आता पाणीच झालात. — मी देते. मी देते म्हटलं ना!

पुढच्या गुरुवारी या. नाही म्हणत नाहीये मी, या. मी बागेत जाऊन बसेन, नाहीतर नंदूकडे जाईन, सरळ बोरिवलीला, आणि त्याच्या सोफ्यावर पाय पसरून झोपेन. पण आलात की आधी त्यांना सांगायचं, सुगंधा बाहेर गेलीय, येईल. असंच. सुगंधा म्हणून. तुमचं नाव नंतर.

आज मात्र जा. नंदू दोन अक्षरं, शुभा दोन अक्षरं, माझी तीन आहेत आणि त्यात जीभ अर्धीच वळते त्यांची, वेळ लागेल. काही झालं तरी आज माझं नाव घेणार नाहीत, मला माहितीये. नंदूच म्हणतील. म्हणू देत. — आले हो आप्पा, आले! — चला, उठा शुभाताई, मला दार लावायचंय. चाळीस वर्षांची बाई बापाला आपलं नाव सांगतेय, ते कुणी ऐकायला नको.