तुमचाच समजा!

...आणि वर हा शेजारी मला म्हणतो कसा, "अबू रातिब, डबा जरा खालून तुम्ही धरा, पाठ धरलीय माझी!" म्हणजे बघा हं, गुलाब माझा, डबा माझा, माती माझी, आणि चार जिने उतरवून द्यायचा तोही मीच! तुम्हाला सांगतो, अख्ख्या दमास्कसमध्ये स्वतःच्याच घरच्या चोरीला असा हातभार लावणारा माणूस सापडायचा नाही. आणि चोरी तरी कशी म्हणू? मीच दिला ना! म्हणजे... दिला नाही हो, नुसता म्हणालो!

थांबा, नीट सांगतो. आमचं वडिलांचं घर गेलं रस्तारुंदीत. अंगणात जूरी गुलाब होता, आपला दमास्कसचा घमघमणारा, बाबांनी लावलेला. घर पाडायच्या आदल्या दिवशी मी त्याची एक फांदी कापून आणली, तुपाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि गच्चीवर लावली. माझी थोरली बहीण बहीजा होम्सला असते; गल्लीला मी अबू रातिब, म्हणजे रातिबचा बाप, पण ती मला नावानंच हाक मारते. ती तोंडावर म्हणाली, "मुन्झिर, बाबांचा गुलाब आणि तुपाच्या डब्यात? अरे, तुझ्या हातून निवडुंगसुद्धा मेलाय!"

लागलं मला ते. सात वर्षं, सात वर्षं मी त्या झाडाला कॉफीचा गाळ घातला, अंड्याची टरफलं घातली, उन्हात पत्रा तापतो म्हणून डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलं... आमची ही म्हणते, "मला ताप आला तेव्हा कपाळावर फडकं ठेवलं नव्हतंत!" आणि झाड काय देतंय? पानं! पानं आणि काटे! आणि यंदा मे महिन्यात बघतो तर, कळ्या! बहीजाला फोन केला, "शुक्रवारी ये. काही विचारू नकोस, फक्त ये."

बुधवारी तळमजल्यावरचा अबू फय्याद पाण्याची टाकी बघायला वर आला. "माशाल्ला! काय गुलाब आहे!" आता कुणी आपल्या वस्तूचं कौतुक केलं की आपण काय म्हणतो? "तुमचाच समजा!" आणि समोरच्यानं काय म्हणायचं? "छे छे, तुमच्याकडेच शोभतो!" संपलं! माझ्या मामाच्या घड्याळाचं तीस वर्षं कौतुक झालं, मनगटावरून हललं का ते? नुसतं म्हणायचं असतं हो! मी म्हणालो, "तुमचाच समजा!" अबू फय्याद म्हणाला, "अल्ला तुमची भरभराट करो," आणि वाकून डब्याला हात घातला!

ही म्हणाली, "मग जा आणि मागून आणा!" मागून? दिलेली वस्तू? उद्या गल्लीत तोंड कुठे दाखवू? पण मीही काही कमी नाही. म्हटलं, जायचं, कॉफी प्यायची, आणि गुलाबाचं कौतुक करायचं. मग त्याला म्हणावंच लागेल, "तुमचाच समजा." की उचलायचा! गुरुवारी गेलो. खिडकीत माझा डबा, पहिलं फूल उमललेलं. मी म्हणालो, "माशाल्ला, काय गुलाब आहे!" तो म्हणाला, "अबू रातिब, तुमचाच समजा!"

आणि मी... काय सांगू तुम्हाला... साठ वर्षं खाऊपिऊ घालून पोसलेली ही जीभ, ही माझी स्वतःची जीभ म्हणाली, "छे छे, तुमच्याकडेच शोभतो!"

शुक्रवारी बहीजा आली. टॅक्सीतून उतरली आणि दारातच थबकली. नाक वर. डोळ्यांत पाणी. "मुन्झिर... हा बाबांचा गुलाब!" मी छाती फुगवून म्हणणार, मीच जगवला, तुपाच्या डब्यात जगवला, एवढ्यात अबू फय्याद दार उघडून हसत उभा! "ताई, आवडला? तुमचाच समजा!"

नुसतं म्हणायचं असतं हो! पण बहीजा म्हणाली, "समजले!" आणि डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसून म्हणते कशी, "मुन्झिर, डबा जरा खालून धर."

जेवताना सगळं सांगितलं तिला. तर म्हणाली, "जगवलास, कबूल. सात वर्षं जगवलास, माझे शब्द मागे घेते. पण तुझ्याकडे ठेवला, तर उद्या तू तो दूधवाल्यालाही देशील!" मी आणि तिनं मिळून डबा टॅक्सीत ठेवला. मला राहवेना, फुलाला नाक लावलं. तिला दया आली असावी. हळूच म्हणाली, "हवाय का रे? तुझाच समज."

आता बोला! मनापासून म्हणत होती हो ती, मला कळत होतं! आणि माझी जीभ? "छे छे, तुझ्याकडेच शोभतो!"

गेला गुलाब होम्सला. मी वर आलो. गच्चीवर डब्याच्या गंजाचा चौकोनी डाग उरलाय, तेवढाच. ही मागून आली, म्हणाली, "अहो, कोपरा किती छान मोकळा झाला!" मी म्हणालो, "तुझाच समज."

आता तिथे तिचा पुदिना वाळतोय.