बाईंनी स्पष्ट 'नाही' म्हटलं

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरची मोठी माणसं, फोनवर बसणाऱ्या सगळ्या मुली आणि मुलगे, आणि आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या पर्यवेक्षक बाई, सगळ्यांना माझा नमस्कार.

आवाज मागेपर्यंत येतोय ना? नसेल तर हात वर करा, म्हणजे माझा जीव जरा भांड्यात पडेल. मी इथला नोकर नाही, की पाहुणाही नाही. मी तुमचं गिऱ्हाईक. आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केली, शाळा अर्ध्यावर सुटली. पण बाईंनी आग्रहानं बोलावलं, आता काय करता?

मागे तुमच्याकडे विम्याचे फोन अचानक वाढले. साहेब लोक म्हणाले, हवा बदलली, आजार वाढले. कुणी म्हणालं, आणखी माणसं घ्या. बाईंनी मात्र कानाला यंत्र लावलं आणि जुने, टेप केलेले फोन ऐकत बसल्या. त्यांना काय सापडलं? माणसं नवी नव्हतीच! तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा फोन करत होती. त्यातला एक मी.

आमच्या हिच्या खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात तर सांधा धरेल, मग पाऊल उचलणार नाही. मुलानं आमचा विमा काढलेला. म्हणून मी विचारायचो, "ताई, खर्च मिळेल का?"

"पॉलिसीच्या अटींनुसार मिळेल, सर."

"म्हणजे मिळेल?"

"अटींनुसार, सर. आणखी काही मदत करू का?"

फोन ठेवला की पुन्हा धाकधूक. हिला दवाखान्यात न्यावं तर खर्च अंगावर आला तर? न न्यावं तर? की पुन्हा फोन. ही म्हणायची, "त्या फोनशीच लग्न लावा तुमचं, मी मोकळं करते तुम्हाला."

मुलींचा दोष नव्हता हो. वरून हुकूम होता की फोनवर 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं नाही, कंपनी शब्दात अडकते. आणि फोन ठेवला गेला की तक्रार मिटली असं धरायचं.

मग एक दिवस बाईंचाच फोन आला. "काका, आमच्या मुलीशी बोलून तुम्हाला काय कळलं?"

मी म्हटलं, "मुलगी गोड बोलते, एवढं कळलं."

मग त्या म्हणाल्या, "काका, नाही. जुनं दुखणं आहे, त्याला यंदा विमा लागू होत नाही. पुढच्या वर्षी होईल. डॉक्टरांना विचारा, थांबता येईल का."

तुम्हाला वाटेल, म्हातारा कोसळला असेल. छे! पाय जमिनीला लागले माझे. डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही. मग सरळ सरकारी रुग्णालयात नाव घातलं. 'नाही' कळल्यावर माणूस दुसरं दार तरी शोधतो. 'अटींनुसार' ऐकून तो उंबऱ्यावरच बसून राहतो.

त्या शब्दापायी बाईंना वरून बोलावणं आलं, हे मला मागाहून कळलं. माझ्यापायी नोकरी जाते की काय म्हणून मी अन्न टाकलं होतं. पण त्यांनी साहेबांना बसवून माझेच फोन ऐकवले म्हणे, एकामागून एक! अध्यक्ष महोदय, तुम्ही हसताय, म्हणजे ऐकलेत तुम्हीच. तेव्हापासून इथं आधी उत्तर देतात, मग अटी सांगतात. फोन कमी झाले. माझे तर बंदच झाले.

बाई, उद्यापासून तुम्ही खुर्चीत नसणार. माझा स्वभाव काळजीचा, म्हणून या मुलींना सांगतो, पोरींनो, गोड बोला, पण उत्तर देऊन बोला.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला.

आमची ही पण आली आहे. बाईंना स्वतःच्या हातानं फूल द्यायचं म्हणते.

राहू द्या बाई, तुम्ही उठू नका. अहो, कुणी तिचा हात धरू नका.

येतेय ती. चालत येतेय.