वीणा खाली ठेवली नाही

बसा, बसा. उभं कोणी राहू नका. आयाबहिणींनो, भावांनो, सिहोऱ्यावरून आलेल्या पाहुण्यांनो, आपल्या दिघोरीत बारसं असो का तेरवी असो, माईक माझ्याच हातात असते. बोलायले मी कधी घाबरलो नाही. आज घाबरून राहिलो. तो भोंगा जरा कमी करा बाप्पा. गावाबाहेर ऐकू जायची गरज नाही, समोर बसले आहेत तेवढ्यांनी ऐकलं तरी बस झालं.

यमुना वहिनी गेली. माझ्या घराले लागूनच घर तिचं, मधात फक्त कुंपण. रोज सकाळी तिचा आवाज ऐकून मी उठत होतो. कोणाले तरी रागवत असायची. कोंबडीले, म्हशीले, नाहीतर देवाले.

सविता, बाई, तू तिची लेक. तू समोर बसली आहेस म्हणून मले बोलणं भारी जाऊन राहिलं. तू सिहोऱ्यावरून आली अन् सगळ्यात आधी माझ्या पाया पडली. म्हणाली, "काका, तुमच्यामुळं माझ्या मायच्या कानावर शेवटी देवाचं नाव पडलं." सारं गावही हेच म्हणून राहिलं. पुण्यवान बाई, सप्ताहात गेली, नामाच्या गजरात गेली, असं मरण मागून भेटत नाही. मी मान हलवली. तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून मले जेवण गोड लागत नाही.

काहून लागत नाही, ते सांगायले उभा राहिलो आहे.

वहिनीनं काय काय भोगलं हे तुमाले माहीत आहे. तिचा नवरा शंकरभाऊ, त्याले लकवा झाला, अर्धं अंग गेलं. त्यातच एकुलता एक पोरगा धानाच्या बांधीवर मोटार चालू करायले गेला, तो विजेच्या झटक्यानं तिथंच राहिला. अन् ही बाई नवऱ्याची कूस बदलवत राहिली, त्याले भरवत राहिली. भरवता भरवता रागवायची, "खा नं वो, का मी खाऊन दाखवू?" शंकरभाऊ हसायचा. तोंड वाकडं झालं होतं, तरी हसायचा. मागच्या साली तोही गेला.

अन् मी काय केलं? मी तिच्यावर बोललो. दरवर्षी सप्ताहात माईकवरून सांगितलं, "संकटातून देव कसा भेटते ते पाहायचं असंल तर यमुनाबाईले पाहा. देव ज्याच्यावर प्रेम करते, त्याचीच परीक्षा घेते." लोक डोळे पुसायचे. मले बरं वाटायचं. खरं सांगतो, बहुत बरं वाटायचं.

एकदा ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, माझं दुःख माईकवरून नका सांगत जाऊ."

मी म्हणालो, "काहून वो वहिनी? लोकायले आधार भेटते."

म्हणाली, "तुमी म्हणता देवानं परीक्षा घेतली. तो काय शाळेतला मास्तर आहे? माझं पोरगं गेलं त्या दिवशी तो माझ्याजवळ बसून रडत होता. मले माहीत आहे नं. परीक्षा घेणारा कायले रडंल?"

मी मंग म्हणालो, "पण तू तर रोज त्याले शिव्या देतेस."

"देतेच नं मी! घरच्यालेच देते माणूस. सुरुवातीले खरंच राग होता, भाऊजी. वाटे, याचं तोंड पाहू नये. पण कूस बदलवायले रोज दोन हात कमी पडत. मंग त्यालेच म्हणू, धर रे त्या बाजूनं. धरायचा तो. असं करता करता जमलं आमचं."

असं करता करता जमलं आमचं. माझ्या एवढ्या वर्षांच्या भजनात मले हे बोलता आलं नाही. अन् पुढच्या सप्ताहात मी तिचं हेच बोलणं घेतलं अन् माईकवर सांगितलं. तिनं नको म्हटलं होतं, तरी सांगितलं.

आता यंदाचं सांगतो. पाहुण्यांना आमचा रिवाज माहीत नसंल. सप्ताह बसला का वीणा गळ्यात चढते, ती समाप्तीलेच उतरते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. जमिनीले टेकली तर नाम तुटलं, सप्ताह बाटला. त्या दिवशी दुपारी वीणा माझ्या गळ्यात होती. पुढचा विणेकरी धान चुरायच्या मशीनवर, मळणीत अडकला होता. गडीमाणसं सारी बांधीवर. मंडपात बाया बसल्या होत्या, अन् दोन-चार म्हातारे खांबाले टेकून पेंगत होते.

वहिनी आली. पदर छातीशी धरलेला. माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, छातीत कळ येऊन राहिली. तुमच्या गाडीवर लाखांदूरले दवाखान्यात नेता का?"

लोकहो, मले ऐकू आलं. नीट ऐकू आलं. मी नाम थांबवलं नाही. डोळ्यानं खूण केली, बस, वीणा देतो अन् नेतो. ती बसली. अन् काय केलं माहीत आहे? माझ्या नामाले टाळी धरली. कपाळावर घाम होता अन् टाळी धरली. बाया म्हणत असतील, आज कशी रंगली पाहा.

किती वेळ गेला? मले नका विचारू. वीणा खाली ठेवता येत नव्हती, हे मी मनाले सांगत राहिलो. पण समोर इतक्या बाया होत्या! एकीच्या गळ्यात द्यायची अन् निघायचं. बाईनं वीणा घेऊ नये, असं आमच्या गावात कोणी ठरवलं, ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी तर मनातही आलं नाही. बाई मरून राहिली होती माझ्यासमोर, अन् मी नाम राखून राहिलो होतो.

विणेकरी आला, तेव्हा मी निघालो. मी गाडी चालवत, मागं माझ्या बायकोनं तिले धरलेलं. लाखांदूरच्या रस्त्यावर मी म्हणालो, "वहिनी, माफ कर वो. वीणा होती गळ्यात."

ती हसली, सविता. तुझी माय त्या कळेत हसली. म्हणाली, "तुमचा देव बहुत धाकात ठेवते तुमाले, भाऊजी. माझा असता तर म्हणाला असता, ठेव रे खाली, घेतो मी." मंग म्हणाली, "हळू चालवा. खड्डा आहे." त्यानंतर बोलली नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "दुखणं केव्हापासून आहे?" मी म्हणालो, "आत्ताच सुरू झालं." दिवसभर देवाचं नाव घेतलेल्या तोंडानं मी खोटं बोललो. माझी बायको माझ्याकडं पाहतच राहिली. आजही पाहते. त्याच दवाखान्यात घडीभरानं वहिनी गेली.

म्हणून सविता, तुझी माय नामाचा गजर ऐकून गेली हे खरं आहे. पण तो गजर थांबला असता तर ती कदाचित आज घरी असती. कदाचित नसतीही. ते मले माहीत नाही, अन् आता कधी कळणार नाही. तू माझ्या पाया पडलीस, ते परत घे बाई. मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, मायचीच लेक आहेस. मले ती इतक्यात नको.

आयुष्यभर मी विचारत आलो, देवा, दर्शन दे. त्या दिवशी दर्शन झालं. पदर छातीशी धरून तो माझ्यासमोर बसला होता, मले टाळी देत होता, अन् मी त्याले डोळ्यानं खूण केली, थांब म्हणून. त्यानं राग नाही धरला. उलट मलेच म्हणाला, हळू चालवा. याच प्रेमाची मले आता भीती वाटते. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता रिवाजाप्रमाणं आपण वहिनीसाठी दोन मिनिटं उभं राहू. पण माझं एक ऐका. या दोन मिनिटांत कोणाचं लेकरू रडलं, कोणाचा फोन वाजला, कोणी दारातून हाक मारली, तर मौन संपायची वाट पाहू नका. ज्याले हाक आली त्यानं उठायचं अन् जायचं. मौन मोडलं तर मोडू द्या. वहिनी काही म्हणणार नाही.

उठा.