धावड्याच्या वल्ह्यांबाबत पुरवणी जबाब

दिनांक १३/०१/२०२६, वेळ सकाळी ११.४०

मी, सौ. धम्मशीला प्रसेनजित हिवराळे, वय ४४ वर्षे, व्यवसाय नोकरी (क्रीडा शिक्षिका, खाजगी माध्यमिक शाळा), राहणार मोताळा, जि. बुलढाणा, समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून कळविते की, दि. ११ रोजी धरणावर झालेल्या अपघाताबाबत माझा जबाब त्याच दिवशी घेण्यात आलेला आहे. त्या जबाबातील एक वाक्य खोटे आहे व त्या एका वाक्यामुळे तुळशीराम गाडेकर मिस्त्री यांना काल दुपारी चौकशीसाठी इथे आणले गेले आहे. ते वाक्य दुरुस्त करण्यासाठी मी आज स्वतःहून आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. घरून तर उलट जाऊ नको असेच सांगितले गेले.

मी दोन वर्षांपासून तालुक्यातील मुलींचा ड्रॅगन बोटचा संघ चालविते. ही एक लांब, अरुंद होडी असते. वीस जणी जोडीजोडीने दहा बाकांवर बसून वल्हवतात, एक जण पुढे ढोल वाजवते व एक जण मागे उभी राहून सुकाणू धरते. सुकाणू माझ्याकडे असते. आमची होडी या खेळाच्या जिल्हा संघटनेने दिलेली, जुनी आहे. सुरुवातीला लोक हसले. "मॅडम, आता सरकीची पोती होडीतून आनता काय?" असे मला भर आठवडी बाजारात विचारले गेले. परंतु माझ्या निम्म्या मुली सुट्टीच्या दिवशी शेतात राबतात आणि त्यांच्या खांद्यांत जो जोर आहे तो शहरातल्या व्यायामशाळेत मिळत नाही, हे मला दिसत होते. दि. १ फेब्रुवारी रोजी राज्य संघाची निवड चाचणी आहे.

संघटनेकडून मिळालेली वल्ही नऊच होती व तीही चिरलेली. बाकीची आमची आम्ही आणावीत असे सांगण्यात आले. स्वस्त पडेल आणि टिकेलही असे वल्हे कोणते, हे ठरवण्यात माझे दोन महिने गेले. कार्बनचे वल्हे हातात घेऊन पाहिले. ते काडीसारखे हलके असते, पण एका वल्ह्याच्या किमतीत मुलीच्या घरी शिलाई मशीन येते, आणि काठावरच्या दगडावर एकदा आपटले की संपले. मोबाईलवरून ॲल्युमिनियमच्या दांड्याची दोन मागविली. तिसऱ्या आठवड्यात एकाचा दांडा वाकला. दुसऱ्याचे प्लास्टिकचे पाते पाण्यात इतके लवायचे की मुलीने लावलेला निम्मा जोर वाया जायचा.

त्यानंतर मी तुळशीराम मिस्त्रींकडे गेले. बसस्टँडच्या मागे त्यांचे दुकान आहे. कुऱ्हाड, फावडे, वखर यांचे दांडे ते तीस वर्षांपासून करतात. त्यांनी अशी होडी कधी पाहिलेली नव्हती. मी त्यांना धरणावर नेले. ते अर्धा तास काठावर उकिडवे बसून मुलींचे हात पाहत राहिले आणि शेवटी एवढेच विचारले, "मॅडम, पानी ओढताना पोरी वाकतात का नुसते हात हालवतात?" मी म्हटले, कंबरेतून वाकतात. ते म्हणाले, "मंग धावडा लागन." धावडा म्हणजे आमच्याकडच्या जंगलातले चिवट, लवणारे लाकूड.

त्यांनी नमुन्याचे एक वल्हे करून दिले. दांडा धावड्याचा, पाते सागवानाचे, मापे स्पर्धेच्या नियमांच्या कागदाप्रमाणे. मी ते तीन दिवस पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवले. नंतर दोन स्टुलांवर आडवे टाकून त्यावर स्वतः उभी राहिले. माझे वजन एकाहत्तर किलो आहे. हे सरकारी कागदावर यावे अशी माझी इच्छा नव्हती, पण ते पुराव्याच्या कामाचे आहे. दांडा चार बोटे लवला व मी उतरताच सरळ झाला. तुळशीराम मिस्त्री तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होते. मी वीस वल्ही सांगितली. ते लाकूड सडके होते असे जे आता बोलले जात आहे, ते सर्वस्वी खोटे आहे. इतके चांगले काम मी या तालुक्यात कोणाचे पाहिलेले नाही.

दि. ४ डिसेंबर रोजी मिस्त्रींनी वल्ही शाळेत आणून दिली. कोणत्याही वल्ह्याला भोक नव्हते. दांडा आणि पाते जिथे जुळतात त्याला ते मान म्हणतात. प्रत्येक वल्ह्याच्या मानेवरून त्यांनी माझ्यासमोर हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, या मानेले कदी काही करू नका. सारा जोर इथंच येते. खिळा नाही, भोक नाही. केलं तं लाकूड कितीबी चांगलं असो, इथूनच जाईन."

मी विचारले, "काऊन, कुऱ्हाडीच्या दांड्याले भोक नसते काय?"

"असते, पन शेवटाले असते. मधात नाही."

आमच्याकडे अवजार जमिनीवर पडू देत नाहीत. अवजार ओलांडलेले कोणालाच खपत नाही. खुरपे असो की कुऱ्हाड, दांड्याला भोक पाडून दोरी ओवतात आणि भिंतीच्या खिळ्याला टांगतात. माझी आई शेतमजूर होती. तिचे खुरपे मी कधी जमिनीवर पाहिलेले नाही. शाळेच्या खोलीत वल्ही फरशीवर पडलेली व मुली ती ओलांडून ये-जा करताना पाहून मला राग आला. शिवाय खोलीत ओल आहे, उधई म्हणजे वाळवी आहे. भिंतीत खिळ्यांची रांग आधीपासून होती, पण ती खाली आहे. मुठीकडून टांगले की पाते ओल्या फरशीला टेकायचे. मानेपाशी टांगले तर सगळे अधांतरी राहायचे. खिळे उपटून वर ठोकायला एक दुपार लागली असती. ती दुपार मी वाचवली.

दि. १४ डिसेंबर, रविवार रोजी सकाळी मी शाळेची ड्रिल मशीन घेऊन वीसही वल्ह्यांना मानेपाशी आरपार भोके पाडली. तासाभरात काम झाले. त्यावेळी माझ्यासोबत संघाची कर्णधार रेणुका होती. ती म्हणाली, "मॅडम, मिस्त्रीकाका तं नाही म्हनले होते ना?"

मी तिला म्हटले, "मिस्त्रीले पान्यातलं काय समजते? तू दोऱ्या ओव."

तिने दोऱ्या ओवल्या. भोकांच्या आतून मी रंगाचा एक हातही फिरवला नाही. त्यानंतर महिनाभर ती वल्ही रोज भिजत होती व रोज उन्हात वाळत होती.

दि. ११ रोजी सकाळी ७.१० वाजता आम्ही पाण्यात उतरलो. प्राची भागवत जुमडे, वय १९, ही डावीकडे सातव्या बाकावर होती व तिच्या मागे आठव्यावर रेणुका. पहिली फेरी झाल्यावर प्राची मागे वळून मला म्हणाली, "मॅडम, माहं वल्हं कर्र कर्र वाजून राह्यलं." मी सुकाणूवरूनच ओरडले, "लाकूड हाय, वाजनारच. जोर कमी करू नको." तिने जोर कमी केला नाही. ती तशी मुलगी नाहीच. सांगितले ते करणारी आहे.

अंदाजे ७.४५ वाजता शेवटच्या दोनशे मीटरला ढोलाचा वेग वाढला असताना मोठा आवाज झाला. प्राचीचे वल्हे मानेतून मोडले. ती पूर्ण वाकलेली होती. हातातला आधार गेल्याने तोल जाऊन ती डावीकडे पाण्यात पडली आणि त्याच क्षणी रेणुकाचे वल्हे खाली आले ते तिच्या कानामागे लागले. रेणुकाला थांबणे शक्यच नव्हते. होडी वेगात होती. प्राची माझ्या बाजूने मागे गेली. लाईफ जॅकेटमुळे ती तरंगत होती, पण पालथी. मी सुकाणू सोडून उडी मारली. तिला उताणी करेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पहिल्या जबाबात मी दोन मिनिटे म्हटले होते, ते अंदाजाने म्हटले होते. तिच्या तोंडातून पाणी येत होते, आवाज येत नव्हता. मासे धरणाऱ्यांच्या नावेतून तिला काठावर आणले व जीपने बुलढाणा येथील रुग्णालयात नेले. ती अतिदक्षता विभागात आहे. आज सकाळपर्यंत तिने डोळे उघडलेले नाहीत.

त्याच दिवशी ११.३० च्या सुमारास हवालदार साहेब रुग्णालयात आले. त्यांनी मोबाईलमधला मोडक्या वल्ह्याचा फोटो दाखवून विचारले, "मॅडम, हे भोक कोनं पाडलं?" प्राचीचे वडील भागवतभाऊ माझ्या शेजारी उभे होते. ते भाजीचा मळा करतात. मुलीला होडीत पाठवायला ते तयार नव्हते आणि मी त्यांच्या बांधावर जाऊन म्हटले होते की, भाऊ, जबाबदारी माझी. त्यांच्या अंगावर मळ्यातले चिखलाचे कपडे तसेच होते. मला भीती वाटली. नोकरीची वाटली, त्याहून जास्त त्यांना तोंड दाखवण्याची वाटली. मी म्हणाले, "वल्ही दुकानातून आली तशीच आहेत." हेच ते खोटे वाक्य.

माझे बोलणे ऐकून भागवतभाऊ व त्यांच्याकडची काही माणसे दि. १२ रोजी सकाळी मिस्त्रींच्या दुकानावर गेली. तयार दांडे रस्त्यावर फेकण्यात आले. "कोन्या सडक्या लाकडाचं देलं बे तुनं माह्या पोरीले?" असे भागवतभाऊ म्हणाले व मिस्त्रींची गचांडी धरली. मिस्त्री म्हणाले, "लाकूड सडकं नाही भाऊ. भोक म्या नाही पाडलं." ते कोणी मानले नाही, कारण शाळेच्या मॅडम खोटे कशाला बोलतील. दुपारी त्यांना पोलीस स्टेशनला आणण्यात आले. हे मला त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांच्याकडून कळले.

त्या काल सायंकाळी ५ वाजता माझ्या घरी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी एकडाव चालून सांगा ना. वीसच्या वीस वल्ह्याले त्यायनं माह्यासमोर रंधा मारला. भोक पाडलं असतं तं मले दिसलं नसतं काय? तुमी सांगान तं पोलीस आयकतीन." मी "पाहते" म्हणाले. त्यांच्यासाठी चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. मी माझा पूर्ण प्यायले. मला स्वतःची लाज वाटते ती त्या चहाची जास्त वाटते.

रेणुकाचाही जबाब काल झालेला आहे. भोके कोणी पाडली हे तिने त्यात सांगितलेले नाही, असे तिने स्वतः मला फोन करून कळविले. "मॅडम, मी काही नाही बोलली," एवढेच म्हणाली आणि रडायला लागली. तिला वाटते प्राचीला तिने मारले. तिने मला वाचवण्यासाठी तोंड बंद ठेवले. वीस वर्षांच्या मुलीवर हे ओझे माझ्यामुळे आले. तिच्या गप्प राहण्याबद्दल तिच्यावर कोणताही ठपका ठेवू नये अशी माझी विनंती आहे.

आज सकाळी मी आत येताना तुळशीराम मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसलेले होते. डोळे सुजलेले होते. मला पाहून ते उठून उभे राहिले व "या मॅडम, पोरगी कशी हाय?" असे त्यांनी विचारले. दुसरे काहीही विचारले नाही.

हवालदार साहेबांनी मला समजावून सांगितले की, "मॅडम, असं लिहिलं तं तुमचंच नाव गुन्ह्यात येईन. पैला जबाब खोटा देल्याचं वेगळंच. घरी जाऊन इचार करा, दुपारून या." त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितले. मी त्यांना सांगितले की, घरी विचार करण्यातच दोन दिवस गेले, आता लिहून घ्या. इथून मी रुग्णालयात जाणार आहे. भागवतभाऊंना हे दुसऱ्याकडून कळण्याआधी मी सांगणार आहे. त्यांनी माझे काहीही केले तरी माझी त्याबाबत तक्रार राहणार नाही.

माझा जबाब लिहून झाल्यावर मला वाचून दाखविण्यात आला. त्यात "माझ्याकडून अनवधानाने भोके पाडली गेली" असे वाक्य आले होते. मी तसे सांगितलेले नव्हते. हवालदार साहेब म्हणाले की राहू द्या, त्याने तुम्हाला मदतच होईल. मी ते वाक्य खोडायला लावून त्या जागी "मिस्त्रींनी नको म्हटले होते, मी ते ऐकले होते, तरी मी भोके पाडली" असे लिहून घेतले आहे व खोडलेल्या जागेवर सही केली आहे. आता हा जबाब मी सांगितला तसाच आहे.