नयना पोहायला कशी शिकली, त्याचा पुरावा

माझा जन्म मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या अगदी काठावरचा. वडील होड्यांची शिडे शिवायचे, आणि शिडे शिवणारा माणूस म्हणजे त्या काळी गावात मानाचा माणूस, हे आधी नमूद करून ठेवा. पुढे होड्यांना इंजिने आली, शिडे माळ्यावर गेली आणि त्याच सुमारास माझी नववीची शाळाही सुटली. सुटली म्हणजे सोडावी लागली, असे लिहा, कारण त्या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. तेव्हापासून तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देण्याचे माझे टेबल आहे. वारसनोंद, रेशनकार्ड, होडीचा परवाना, नवऱ्याने टाकलेल्या बाईची पोटगी, काय सांगू तुम्हाला, या तालुक्यातले कोणते दुःख माझ्या टंकलेखन यंत्राखालून गेलेले नाही? मी खाली सही करणार, असे लिहून मी इतक्या लोकांच्या वतीने बोललो आहे की स्वतःच्या वतीने बोलायची वेळ फारशी आलीच नाही.

परंतु एक उणीव होती, तीही सांगतो. मला पोहता येत नव्हते. माझ्या आधीचे मूल दर्याने नेले होते, म्हणून आईने मला घोट्याच्या वर पाणी लागू दिले नाही. खाडीकाठचा माणूस आणि पोहता येत नाही, हे लोकांना सांगायची लाज वाटायची, म्हणून मी कामात आहे असे सांगत असे.

आता नयनाकडे येतो. नयना ही आमच्या शेजारच्या भिवाची मुलगी. भिवा मच्छीमार, स्वतःची छोटी होडी, बोलणे कमी आणि आवाज मोठा. त्याचा मुलगा दिगंबर, सगळे त्याला दिगा म्हणतात, तो गोव्यात हॉटेलात लागला, आणि नयना कणकवलीच्या कॉलेजात जायची, सकाळची एसटी धरून. मी त्या मुलीला लहानपणापासून पाहतो आहे. आईबरोबर मासळीची टोपली घेऊन बाजारात बसली तरी पुस्तक मांडीवर, आणि गिऱ्हाईक आले की पुस्तक बाजूला, भाव मात्र एक पैसा खाली नाही. अशी मुलगी मी दुसरी पाहिली नाही, आणि मी माणसे फार पाहिली आहेत.

तर साधारण तीन वर्षांपूर्वी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पुण्याकडची एक संस्था पोहण्याचे शिक्षक तयार करते, राहण्याजेवणासह, आणि तिथे प्रवेश हवा तर दोन गोष्टी हव्या होत्या: वडिलांची संमती, आणि आपण हा खेळ कसा शिकलो त्याची गोष्ट, फोटो आणि आपला आवाज एकत्र करून, सीडीवर. कॉलेजातल्या संगणकावर फोटोंना आवाज जोडायचे ती शिकली होती. पण भिवा म्हणाला होता, दर्यार आमचा पोट आसा, दर्यात कोण खेळता काय? खेळ म्हणे. हंगाम संपलो काय दोडामार्गाक मावशीकडे जा, काजूच्या कारखान्यात काम आसा. म्हणजे पुणे नाही तर काजू सोलणे, असा एकूण मामला होता, आणि वेळ थोडा होता.

मी म्हटले, संमतीचे मी पाहतो, बापाला लेखी विनंती करू. ती म्हणाली, भाऊकाका, बाबा लेखी वाचणत नाय. बरे, मग फोटो दाखव. तर म्हणाली, फोटो खंयसून येतले? मी शिकलंय तेव्हा आमच्याकडे कॅमेरो होतो काय? आता काडूया, पाण्यात उतरतंय आणि शिकल्यासारख्या करतंय.

इथे मात्र मी तिला थांबवले. आज काढलेला फोटो तेव्हाचा म्हणून जोडणे हा खोटा पुरावा होतो, आणि माझ्या हातून आजवर एकही खोटा कागद कचेरीत गेलेला नाही, हे तुम्ही कोणालाही विचारा. पोहता येणाऱ्याने न येण्याचे सोंग करायचे नाही, असे मी निक्षून सांगितले. तेव्हा ती मुलगी म्हणाली, मगे खरोच येणा नाय असो माणूस होयो. भाऊकाका, तुमका पोवूक येता?

अशा रीतीने मी, वय वर्षे सत्तेचाळीस, खाडीत उतरलो. ठरले असे की ती मला शिकवील, त्याचे फोटो निघतील, आणि सीडीत ती स्वच्छ सांगेल की ही मी नव्हे, हे आमचे भाऊकाका, पण मीही अशीच शिकले. यात खोटे काही नाही. कॅमेरा माझ्या भाच्याचा, आणि फोटो काढायला आमची मंडळी, सुशीला. मच्छीमार लोक पोरांच्या कमरेला जाळे तरंगत ठेवणारे प्लास्टिकचे बोये बांधून पोहायला शिकवतात, तसे नयनाने माझ्या कमरेला चहूबाजूंनी बोये बांधले, आणि सुशीला काठावरून म्हणाली, भुतूर माणूस आसा काय नुसते बोयेच? मी म्हटले, तू फोटो काढ. ती म्हणाली, काडतंय मां, जरा बुडान दाखवा.

बुडालो, पुष्कळ वेळा बुडालो. खारे पाणी नाकातून मेंदूपर्यंत जाते, हे मला ठाऊक नव्हते. पण नयनाचा हात कधी लांब नव्हता आणि तिच्या तोंडून एक ओरडा नाही. मान उचलू नका, काका, पाण्याशी भांडू नका, ता तुमका उचलूकच बघता. मी म्हटले, हे तुला कोणी शिकवले? ती म्हणाली, सीडीत सांगान. भरतीचे पाणी चढे तेव्हा आम्ही उतरायचो, आणि एके दिवशी बोये सोडल्यावर मी त्या मुलीपासून सुशीलेपर्यंत आपला आपण आलो. सुशीला फोटो काढायचे विसरली. तो क्षण सीडीत नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

मग आवाज. तिच्यासाठी मी उत्तम मजकूर लिहून दिला होता, सहा परिच्छेदांचा. तिने तो आदराने घेतला, घडी करून ठेवला, आणि कणकवलीला जाऊन आपल्याच बोलीत बोलली. मला आधी राग आला, खोटे का सांगू, पण ऐकल्यावर राग राहिला नाही.

सीडी तयार झाली तेव्हा मी भिवाला दुपारी, मासळीचा लिलाव आटोपल्यावर, बाजारातल्या संगणकाच्या दुकानात आणून बसवले. होडीच्या परवान्याचे काम आहे म्हणालो नाही; तुझ्या मुलीचे काम आहे, असेच म्हणालो. तो खुर्चीच्या टोकावर बसला. पडद्यावर आधी मी आलो, बोये बांधलेला, आणि भिवा हसला. भाऊ, म्हणाला, एवढा पोट असताना बोयो कित्याक होयो? आणि मग नयनाचा आवाज सुरू झाला. मान उचलू नको रे. पाण्याशी भांडू नको रे, ता तुका उचलूकच बघता. पाय कमरेपासून मार रे, ढोपरापासून नको. एकेका फोटोवर एकेक वाक्य.

भिवाचे हसू गेले. तो म्हणाला, ह्या मी दिग्याक सांगलेलंय.

नयना त्याच्या मागे उभी होती. म्हणाली, मी थंयच होतंय, बाबा. दिग्याचो टॉवेल धरून गळ्याइतक्या पाण्यात. तुमी त्याका सांगलात, ता मी करून बघलंय.

भिवा शेवटपर्यंत बसला. संपल्यावर म्हणाला, आणि दम लागलो तर उताणा पडूचा, ता खंय आसा? ता घालूक नाय तू. नयना म्हणाली, ता माका येणा नाय. ता तुमी दिग्याक घराकडे जेवताना सांगलात, मी भुतूर रांधत होतंय.

भिवा उठला. दम लागल्यार काय करतंस मगे? ती म्हणाली, काठार येतंय. आणि काठ लांब असलो तर?

त्याच दुपारी तो तिला खाडीत घेऊन गेला. मी आणि सुशीला मागोमाग. भिवा छातीभर पाण्यात उभा, नयना पाण्यावर उताणी, तिच्या पाठीखाली त्याचा तळहात, आणि तो ओरडतो आहे, सैल सोड गो, सैल, आभाळ बघ, माका बघू नको. सुशीलेने तो फोटो काढला, यावेळी विसरली नाही. त्याने हात केव्हा काढून घेतला, ते नयनालाही कळले नाही. नयना शिकत असतानाचा तो एकमेव खरा फोटो, आणि तोच सीडीत शेवटी लागला. संमतीवर सही करताना भिवा एवढेच म्हणाला, थंय गेल्यार सांग, आमी दर्यात खेळणव नाय. शिकवतांव.

तिची निवड झाली. तिथल्या बाईंनी नंतर तिला सांगितले म्हणे, की चकचकीत तलावांचे फोटो सगळ्यांनीच पाठवले होते. अधिक काही त्या बोलल्या नाहीत, आणि मीही अधिक जोडत नाही.

आज दोन हजार दहा साल चालू आहे. नयना परत आली आहे, पर्यटकांना पाण्याखालचे प्रवाळ दाखवायला नेते, आणि उरलेल्या वेळात गावातल्या मुलींना खाडीत शिकवते. मुलींच्या आया काठावर बसायच्या, तर तिने त्यांनाही लुगड्यांसकट पाण्यात ओढले. आमची सुशीलाही जाते, आणि मी बघायला आलेले तिला चालत नाही. तुमी थंय टेबलार बसान अर्ज लिवा, म्हणते, हंय तुमचा काय काम नाय. म्हणून मी इथे टेबलावर आहे. त्या मुलीला उदंड आयुष्य लाभो, भिवाची होडी रोज भरून येवो, आणि या खाडीत उतरेल त्या प्रत्येक बाईच्या पाठीखाली तसाच एक हात असो, जो योग्य वेळी बाजूला होईल. माझे म्हणणे एवढेच.