रोल्स म्हणजे काय

पेंटर: काका, पाटीवर ‘रोल्स’ रंगवून झालं. पुढचं ‘रॉइस’ जरा दाटीवाटीनं बसेल. चालेल ना?

बाप: नुसतं ‘रोल्स’ ठेव की. रॉइस कशाला मध्येच?

लेक: बाबा, ते एकच नाव आहे. ‘चाकाच्या खुर्च्यांमधली रोल्स-रॉइस’.

बाप: कुणाचं नाव?

लेक: मोटारीचं. जगातली सगळ्यात भारी मोटार. तीस वर्षं गिऱ्हाइकं तुमच्या खुर्चीला ‘रोल्स’ म्हणतात, तुम्ही काय समजून मान डोलवत होतात?

बाप: मला वाटायचं, चाक बिनआवाज रोल होतं, म्हणून रोल्स.

पेंटर: धन्य आहात, काका.

बाप: हसू नकोस, शिडी हलतेय. त्या मोटारवाल्यांनी दारावर काय लिहिलं होतं गं? ‘आम्ही सगळ्यात भारी’?

लेक: छे. स्वतःची आडनावं लिहिली. दोघं भागीदार होते.

बाप: झालं तर. नाव त्यांचं, अर्थ लोकांनी भरला. आपण नाव घ्यावं देवाचं. आपलं घ्यायचं की नाही, ते दुसऱ्यांनी ठरवावं. पुसून टाक रे.

पेंटर: ओलं आहे तोवर सांगितलंत, हे बरं केलंत.

लेक: असं कसं, बाबा? नव्या लोकांना कळायचं कसं, इथं चांगलं काम होतं ते?

बाप: चार वाजता कोण येणार आहे?

लेक: शाळेतल्या बाई. अपघातानंतर उद्या पहिल्यांदा वर्गावर जाणार आहेत.

बाप: त्यांची खुर्ची डावीकडे ओढतेय. बोटभर.

लेक: बोटभरच ना? हातानं सावरतील.

बाप: सावरतील. आधी वर्गाच्या चौकटीला धडकतील, मग मागे घेऊन सावरतील. पन्नास पोरं टकामका बघत असतील.

लेक: …पाना द्या इकडे. डावं चाक मी उतरवते.

बाप: चारपर्यंत होईल?

लेक: नाही झालं तर बाईंना बसवून ठेवू, पाया पडू. पण अशी देणार नाही.

(तासाभरानं. लेक खुर्चीत, तोंड दुकानाच्या दाराकडे.)

लेक: डोळे मिटलेत. ढकला आणि हात सोडा.

पेंटर: गेली, काका. नाकासमोर गेली. चौकटीला दोन्हीकडे सारखी जागा.

बाप: आणखी एकदा.

लेक: आता काय राहिलं?

बाप: मांडीवर काहीतरी जड घे. बाईंकडे वह्या असतील.